एका गावासाठी सारे राज्य

कोष्टक वाचायचे नसते, त्यात शोधायचे असते. लॉगॅरिथमचे कोष्टक कुणी पहिल्या ओळीपासून वाचत नाही. हवी ती संख्या पाहून पुस्तक मिटले जाते. संकेतस्थळांवर मोठी कोष्टके मांडणाऱ्यांना मात्र याचा विसर पडलेला दिसतो.

छापील पुस्तकांना हे भान होते. १९५१ च्या जनगणनेपासून जिल्हा जनगणना पुस्तिका निघू लागल्या. २०११ ची गडचिरोलीची पुस्तिका उघडली तर गावे तालुक्यांनुसार विभागलेली आणि त्यांची वर्णानुक्रमे यादी क्रमांकासह दिलेली आढळते. आधी तालुका, मग गाव, मग ओळ, अशा तीन पायऱ्यांत काम होते. उलट, सगळ्या राज्याची गावनिहाय माहिती एकाच पानावर ओतली तर काय होईल?

हिशेब करून पाहू. महाराष्ट्रात चाळीस हजारांहून अधिक गावे आहेत. बारा रकाने धरले तर सुमारे ४,८०,००० घरे होतात. दर घराला खुणांसकट २० बाइट धरले, तर ९६ लाख बाइट. भामरागड किंवा एटापल्लीकडे सेकंदाला एक लाख बिट एवढाच वेग मिळाला, तर पान उतरायला जवळजवळ तेरा मिनिटे लागतील. पन्नासच ओळी पाठवल्या, तर एक सेकंद पुरेल. मजकूर दाबून पाठवला की वेळ बराच घटतो, पण फोनवर तो उलगडावा लागतोच.

खरी अडचण तेथून पुढे सुरू होते. ब्राउझर प्रत्येक घराची स्मृतीत स्वतंत्र नोंद ठेवतो. रकान्याची रुंदी त्यातील सर्वांत लांब मजकुरावरून ठरत असल्याने सगळी घरे तपासावी लागतात. हा धोका नवा नाही. डेव्ह रॅगेट यांनी मे १९९६ मध्ये लिहिलेल्या कोष्टकांच्या मसुद्यातच रुंदी आधी सांगून टाकण्याचा मार्ग दिला होता. १९९८ पासून तो पानांच्या मांडणीच्या नियमांतही आहे. तरीही तो पुष्कळदा वापरला जात नाही.

दुसरा उपाय म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या ओळीच काढायच्या आणि पान सरकले की जुन्या पुसून नव्या काढायच्या. तो चतुर आहे, पण त्याने रोग लपतो. सारी माहिती आधीच उतरवलेली असेल तर वाट पाहणे टळत नाही. शिवाय ब्राउझरच्या शोधाला न काढलेल्या ओळी सापडत नाहीत, आणि छापतानाही त्या गळतात.

आमच्या मते योग्य उपाय पुस्तिकेचाच आहे. तालुका निवडू द्यावा, शोधाचे काम सर्व्हरने करावे आणि थोड्याच ओळी पाठवाव्यात. एका नावाची अनेक गावे असतात, म्हणून जनगणनेच्या गाव-क्रमांकानेही शोधता यावे. संपूर्ण माहिती हवी असणाऱ्यांसाठी तालुकावार फाइल वेगळी ठेवावी. गडचिरोलीचे १२ आणि चंद्रपूरचे १५ तालुके धरून अशा अवघ्या २७ फाइली होतील.

हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) आणि मर्दा या गावांना २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. त्यानंतर अनेक ग्रामसभा या वाटेने गेल्या. आपल्या गावाच्या नावे किती क्षेत्र नोंदले आहे, हे ग्रामसभेला स्वतः पडताळता आले पाहिजे. माहिती जाहीर केली, पण गावाच्या फोनवर ती उघडतच नसेल, तर गावापुरती ती जाहीर झालेलीच नाही.

शिक्षकांनी वर्गात हा हिशेब आपल्या तालुक्याचे आकडे घेऊन मुलांकडून करवून घ्यावा. गुणाकार तर होईलच. माहिती असणे आणि माहिती मिळणे यांतले अंतरही मुलांना मोजता येईल.