हिस्लॉपचे शंख आणि कालनिर्णयाचे प्रमाण

उल्हासनगरच्या कॅम्प ५ पासून अंबरनाथकडे जाताना पायाखाली सर्वत्र काळा बेसाल्ट लागतो. वालधुनीकाठचे शके ९८२ चा शिलालेख असलेले शिवालयही याच काळ्या पाषाणात उभारलेले आहे. तप्त लाव्ह्यात शंख टिकत नाही. परंतु दोन उद्रेकांमधील विश्रांतिकाळात साचलेल्या तळ्यांच्या गाळात तो टिकतो. या आंतरट्रॅपी थरांतील शंखांच्या साक्षीला दक्षिण ट्रॅपाच्या वयाच्या वादात दीर्घकाळ मोठे वजन मिळाले. ती साक्ष कितपत ग्राह्य होती, याची परीक्षा करण्यास स्टीफन हिस्लॉप यांचा १८६० मधील निबंध हे उत्तम उदाहरण होय.

नागपूरजवळील टाकळी येथील गोड्या पाण्यातील शंखांचे हिस्लॉप यांनी केलेले वर्णन आजही उपयुक्त आहे. शंख कोणत्या थरात व कोणत्या लाव्ह्याखाली सापडले, याची नोंद त्यांनी काळजीपूर्वक ठेवली. मात्र हे थर तृतीयक कालातील होत, हा त्यांचा निष्कर्ष मुख्यतः इतरत्र ज्ञात असलेल्या शंखांशी दिसणाऱ्या साम्यावर उभा होता. येथेच त्यांच्या विवेचनाचे वैगुण्य आहे. तळ्यातील गोगलगाईंचे बाह्यरूप परिस्थित्यनुसार बदलते आणि निरनिराळ्या काळी पुनः पुनः तसेच अवतरते. सॉवर्बी यांनी फायसा प्रिन्सेपी म्हणून वर्णिलेली जाती पुढे बुलायनस या वंशात गणली गेली. ज्या साक्षीदाराचे नावच स्थिर नाही, त्याच्या तोंडून कालनिर्णय घेणे धाडसाचे होते. बिरबल साहनी यांनीही १९३४ मध्ये वनस्पतींच्या अवशेषांवरून तृतीयक मताचाच पुरस्कार केला.

शंखाचे रूप अपुरे पडले, तर त्याचे द्रव्य तरी वय सांगेल काय? जिवंत गोगलगाईचे कवच बहुधा ॲरगोनाइटाचे असते. कालांतराने त्याचे कॅल्साइटात रूपांतर होते, अथवा द्रव्य विरघळून त्याच्या जागी सिलिका साचते. क्ष-किरण विवर्तनाने ही खनिजे वेगळी ओळखता येतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मूळ स्फटिकरचना उरली आहे की नाही, हे दिसते. परंतु सिलिकाभूत शंखाच्या रासायनिक पृथक्करणातून मुख्यतः पुरल्यानंतर झिरपलेल्या पाण्याचा इतिहास कळतो, जिवंत प्राण्याचा नव्हे. किरणोत्सर्गी कार्बनाचा अर्धायुकाल सुमारे ५,७३० वर्षे असल्याने ते साधन जेमतेम ५०,००० वर्षांपर्यंतच पोचते. कोकण किनाऱ्यावरील तरुण शिंपल्यांस ते लागू पडते. तेथेही सागरजलातील जुन्या कार्बनाची वजावट करावी लागते. टाकळीच्या शंखास ते सर्वस्वी निरुपयोगी आहे.

म्हणून अखेरचा निर्णय शंखांनी नव्हे, त्यांना वेढणाऱ्या लाव्ह्याने दिला. आर्गॉन समस्थानिकांवरून आणि उद्रेकांच्या राखेतील झिरकॉन स्फटिकांवरून मुख्य उद्रेकांचा काल सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे क्रिटेशस व तृतीयक कालांच्या संधीचा ठरला. नागपूर परिसरातील याच थरांत डायनोसॉरच्या अंडकवचांचे तुकडे मिळाल्याने तेथील थर क्रिटेशसच्या अखेरचे मानले गेले. शंखाचे वय म्हणजे त्याच्या वरच्या व खालच्या प्रवाहांच्या वयांमधील अवकाश, एवढेच निश्चयाने म्हणता येते.

हिस्लॉप यांचा कालनिर्णय टिकला नाही. त्यांची स्थाननोंद टिकली. यावरून उपकरणांचा मोह असलेल्या आजच्या संशोधकाने बोध घ्यावा. द्रव्य मूळचे आहे की पालटलेले, हे आधी न तपासता यंत्रातून काढलेली संख्या कितीही दशांश स्थळांपर्यंत अचूक असली, तरी ती चुकीच्या प्रश्नाचे उत्तर असू शकते. आणि ज्या नमुन्याची जागा व थर नोंदलेले नाहीत, त्याचे पृथक्करण कितीही सूक्ष्म असले तरी त्याला पुराव्याचे मोल येत नाही.