हाताच्या पकडीचे ‘प्रमाण’ : एका मोजमापाचे भाषिक परीक्षण

निरोगी प्रौढ व्यक्तींच्या हाताच्या पकडीचे प्रमाणमान ठरविणे हा विषय भौतिकोपचाराच्या पदव्युत्तर प्रबंधांतून आता वारंवार आढळतो. अहिल्यानगर (२०२४ पर्यंतचे अहमदनगर) जिल्ह्यात लोणी येथे प्रवरा वैद्यकीय संस्थेसारखे अभिमत विद्यापीठ आहे व भौतिकोपचाराचे शिक्षणही तेथे दिले जाते. त्यामुळे या जिल्ह्याच्या माणसांचे माप परक्या कोष्टकावरून न ठरविता येथील कोष्टकावरून ठरावे, ही अपेक्षा रास्तच आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने या विषयात लक्ष घालावे, हे मात्र काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु पकडीचे मोजमाप यंत्राने होत असले, तरी त्याचा आरंभ एका वाक्याने होतो. आणि ते वाक्य येथे मराठीत बोलले जाते.

प्रथम या आकड्यांचे महत्त्व पाहू. अमेरिकेतील मिलवॉकी परिसरात मॅथिओवेट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३१० पुरुष व ३२८ स्त्रिया यांची पकड मोजून १९८५ मध्ये जे कोष्टक प्रसिद्ध केले, ते आजही आधारभूत मानले जाते. त्यात वीस ते चोवीस वर्षांच्या पुरुषांची उजव्या हाताची सरासरी १२१ पौंड, म्हणजे सुमारे ५५ किलोग्रॅम आहे. त्याच वयाच्या स्त्रियांची ७०.४ पौंड, म्हणजे सुमारे ३२ किलोग्रॅम. पुढे १७ देशांतील सुमारे एक लाख चाळीस हजार व्यक्तींच्या पाहणीत (२०१५) असे दिसून आले की, पकड पाच किलोग्रॅमने कमी असल्यास मृत्यूची जोखीम सुमारे १६ टक्क्यांनी अधिक असते. त्याच प्रकल्पाच्या २०१६ मधील कोष्टकांत दक्षिण आशियातील पकड सर्वांत दुबळ्या गटांत पडली आहे. तेव्हा मिलवॉकीचे कोष्टक हाती घेऊन पाथर्डीच्या शेतमजुराकडे पाहिले, तर धडधाकट माणूसही दुबळा ठरू शकतो, आणि अपघातानंतर त्याचा हात कितपत बरा झाला याचा निवाडाही त्याच चुकीच्या मापाने होतो.

येथे ‘प्रमाण’ या शब्दाचा घोटाळा प्रथम उकलला पाहिजे. मराठीत या शब्दाने सरासरीही सूचित होते, आदर्शही आणि पुरावाही. वयोमानाने होणाऱ्या स्नायुक्षयाच्या निदानासाठी आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये पुरुषांसाठी २८ व स्त्रियांसाठी १८ किलोग्रॅमची मर्यादा घातली. युरोपीय गटाची मर्यादा २७ व १६ आहे. आकडे जवळजवळचे आहेत, पण त्यांमागील कल्पना अगदी भिन्न आहेत. आशियाई मर्यादा वृद्धांतील सर्वांत खालच्या पाचव्या हिश्श्यावरून काढलेली आहे. युरोपीय मर्यादा मात्र ऐन तारुण्यातील सरासरीपासून अडीच प्रमाण-विचलने खाली घेतलेली आहे. एकीत माणसाची तुलना त्याच्या समवयस्कांशी होते, तर दुसरीत तरुणांशी. दोहोंना ‘प्रमाण’ हा एकच शब्द लावून आपण मोकळे होतो, हे बरे नव्हे. (ओघातच नमूद करावयाचे ते असे की, यंत्र मोजते ते बल होय. आपल्या शालेय पदार्थविज्ञानातही ‘शक्ती’चा अर्थ वेगळा आहे. तरीही ‘पकडशक्ती’ हा शब्द रूढ झालाच आहे.)

सूचनेच्या वाक्याचा प्रश्न या यंत्राच्या इतिहासात जन्मापासून आहे. फ्रेंच यंत्रकार रेन्ये याचे डायनॅमोमीटर बोदँच्या सागरी मोहिमेत (१८००–१८०४) पेराँ या तरुण निसर्गशास्त्रज्ञाने नेले व टास्मानिया, ऑस्ट्रेलिया आणि तिमोर येथील लोकांच्या हातांचे बल मोजले. युरोपीय लोक अधिक बलवान, असा निष्कर्ष त्याने काढला आणि १८०७ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. ज्यांची भाषा आपणास येत नाही, अशा माणसांच्या हाती एक अनोळखी लोखंडी वस्तू देऊन खुणेने ती दाबावयास सांगणे, आणि काटा जेथे थांबला तेथेच त्यांचे सामर्थ्य संपले असे मानणे, यातील दोष आज कोणासही दिसेल. पण दुभाषी स्थितीत जे ढोबळपणे घडले, ते एकाच भाषेत सूक्ष्मपणे घडत नसेल काय?

मूळ इंग्रजी सूचनेतील क्रियापदास मराठीत निदान तीन पर्याय संभवतात : दाबणे, पिळणे व आवळणे. हे पर्याय समानार्थी नाहीत. ‘दाबणे’ म्हटले की बटण, उशी, फार तर थकलेल्या माणसाचे पाय डोळ्यांपुढे येतात. त्यात अंगठ्याचा किंवा तळव्याचा भार आहे, सर्व बोटे मिटण्याची क्रिया नाही. ‘पिळणे’ हे धुण्याचे क्रियापद. ते कानी पडताच मनगट वळू लागते. आता अमेरिकन हस्तोपचारतज्ज्ञांच्या संघाने १९८१ पासून शिफारस केलेल्या स्थितीत खांदा अंगालगत, कोपर काटकोनात आणि मनगट जवळजवळ सरळ ठेवावयाचे असते. म्हणजे ‘पिळा’ ही आज्ञा त्या स्थितीच्याच विरुद्ध जाते! राहिले ‘आवळणे’. वस्तूभोवती सर्व बाजूंनी बंद होत जाणे, हा अर्थ याच क्रियापदात नेमका आहे. त्यातही ‘मूठ आवळा’ म्हणावे की ‘दांडी आवळा’, हे पाहावे लागेल. कारण मराठीत मिटलेल्या हातास मूठ म्हणतात, कोयत्याच्या किंवा नांगराच्या धरावयाच्या भागासही मूठ म्हणतात, आणि त्या हातात मावेल तेवढ्या धान्यासही मूठच म्हणतात. हात, त्याने धरावयाची वस्तू व त्याचे माप यांना एकच नाव देणारी भाषा या विषयास किती अनुकूल आहे! दुर्दैवाने पुष्कळशा प्रबंधांत ही सूचना इंग्रजीतच छापलेली असते, आणि प्रत्यक्षात काय बोलले गेले याचा पत्ता लागत नाही. सूचना किती मोठ्याने दिली यावरही स्नायूंचे आकुंचन अवलंबून असते, हे १९८३ च्या एका अमेरिकन प्रयोगात दिसून आले आहे. मग क्रियापद गौण कसे मानावे?

प्रधान हात कोणता, हे ठरवितानाही तीच अडचण येते. ओल्डफील्डची एडिंबरो प्रश्नावली (१९७१) यासाठी सर्वत्र वापरली जाते. तीत लेखन, चित्र काढणे, फेकणे, कात्री, दात घासणे, सुरी, चमचा, झाडू, काडी ओढणे व डबीचे झाकण उघडणे अशी दहा कामे आहेत. झाडूच्या बाबतीत वर कोणता हात असतो, असे विचारले आहे. पण आपली केरसुणी एका हातात धरावयाची असते, तिला वरचा हात नाही. विळीवर भाजी चिरताना पाते स्थिर असते आणि दोन्ही हात भाजीकडे गुंतलेले असतात. चमच्याऐवजी ‘कोणत्या हाताने जेवता?’ असे विचारावे, तर जन्मतः डावखुरा मनुष्यही उजव्याच हाताने जेवताना आढळेल, कारण लहानपणीच तसे वळण लावलेले असते. लेखनाचा प्रश्न निरक्षर वृद्धेस विचारण्यात अर्थ नाही. प्रश्नावलीचे भाषांतर बिनचूक असूनही तिचा आशय येथे निम्मा गळून पडतो. त्यापेक्षा ‘विळा कोणत्या हातात धरता?’ हा एक प्रश्न अधिक उपयोगाचा ठरेल.

शेवटी ‘निरोगी’ कोण? कष्टकरी माणसास ‘काही आजार आहे का?’ असे विचारल्यास ‘नाही’ असे उत्तर येते. कामाने हात दुखणे हा आजार नव्हे, तो कामाचाच भाग, अशी त्याची समजूत असते. उलट अशा पाहण्यांत सहज सापडणारे विद्यार्थी, कर्मचारी व रुग्णांचे सोबती हे जिल्ह्याचे प्रतिनिधी मानणे धाडसाचे आहे. या जिल्ह्यात तर ऋतूचाही प्रश्न आहे. दिवाळीच्या सुमारास पाथर्डी-शेवगावकडील ऊसतोड कुटुंबे गाव सोडून कारखान्यांच्या भागात जातात. हिवाळ्यात पाथर्डीत मोजणी केली, तर हे हात घरी नसतात. राहाता-संगमनेरात केली, तर ते समोरच्या फडात असूनही ‘येथील रहिवासी नव्हेत’ म्हणून वगळले जातात. ऊसतोडीच्या व्यवहारात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ मोजतात, एकटा मनुष्य ‘अर्धा कोयता’. म्हणजे पुरुष व स्त्री यांचे आकडे ज्या कोष्टकात अलग स्तंभांत बसतात, त्या कोष्टकाबाहेर त्यांच्या हातांचे जोडीने मूल्य ठरविणारे एक माप आधीच चालू आहे. मुंबईतील देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या सहभागाने झालेल्या २०१७–१८ च्या देशव्यापी पाहणीत ४५ वर्षांवरील सहस्रावधी लोकांची पकड मोजली गेली. परंतु एकेका जिल्ह्याचे मान देणे हा तिचा हेतू नव्हता. ते काम जिल्ह्यातील अभ्यासकांनाच करावे लागेल.

त्यांनी ते करावेच. मात्र कोष्टकाच्या शिरोभागी उच्चारलेले मराठी वाक्य जसेच्या तसे छापावे. तीन प्रयत्नांची सरासरी घेतली की सर्वांत मोठा आकडा, हे सांगावे. आणि वय व लिंग यांच्या जोडीला व्यवसाय आणि मोजणीचा महिना यांचेही रकाने ठेवावेत.