तिथेच का गेलात? : मराठी प्रवासलेखन आणि ठिकाणाची निवड

गोंदियात एका राईस मिलमध्ये हिशेब लिहिण्यात माझी उमर गेली. शिक्षण बारावीपर्यंत. पण रद्दीच्या दुकानांतून जुने दिवाळी अंक उचलायचा नाद विशीत लागला, तो पन्नाशी उलटली तरी सुटलेला नाही. या अंकांतले प्रवासलेख मी वेगळे काढून ठेवतो. ते ओळीने वाचू लागलो तेव्हा एक गोष्ट खटकली. विमान किती वाजता उतरले, हॉटेलात काय खाल्ले, सूर्यास्त कसा दिसला, हे सगळे त्यांत असते. तिथेच का गेलो, हे नसते.

हा प्रश्न लहान नाही. कच्छपासून अरुणाचलपर्यंत आणि लडाखपासून रामेश्वरपर्यंत हा देश पसरलेला. घरात आठ दिवसांची रजा, ठरावीक पैसे, एका म्हाताऱ्या माणसाचे गुडघे आणि शाळकरी मुलांची परीक्षा. एक ठिकाण निवडायचे म्हणजे शंभर ठिकाणे सोडून द्यायची. घरोघरी खरी भांडणे होतात ती इथेच. आणि आपला लेखक मात्र भांडण संपून तिकिटे काढून झाल्यावर लेख सुरू करतो. माझे म्हणणे असे की, ज्या लेखनात जाण्याचे कारण दिसते ते लेखन टिकते. ज्यात ते लपवलेले असते, किंवा मुळात नसतेच, ते पोकळ निघते. काही पुस्तके या कसोटीवर घासून पाहतो.

सुरुवात विष्णुभट गोडसे यांच्यापासून करणे भाग आहे. वरसईचे गोडसे भटजी १८५७ साली घराबाहेर पडले, ते देश पाहायला नव्हे. घरावर कर्ज होते. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, तेथे दक्षिणा मिळेल, असे कानावर आले होते. निवड झाली ती पैशाच्या गरजेतून, आणि हे सांगायला भटजींना लाज वाटत नाही. पुढे ते बंडाच्या गर्दीत सापडले, झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला, आणि अखेर गंगेची कावड घरी आणून आईवडिलांना स्नान घातले. ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापून आले ते चिंतामणराव वैद्यांनी केलेल्या फेरफारांसह. मूळ लेखनाबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये काढली. दीडशेहून अधिक वर्षे उलटली तरी हे पुस्तक वाचवते, कारण प्रत्येक मुक्कामावर हा माणूस तिथे का आहे हे आपल्याला ठाऊक असते. त्याला दक्षिणा हवी आहे, जीव वाचवायचा आहे, घरी जायचे आहे.

यात्रेकरूचेही तसेच. काशी का, रामेश्वर का, हे त्याला कोणी विचारीत नाही. नर्मदेच्या परिक्रमेत तर ठिकाण निवडायचा प्रश्नच उरत नाही. नदी उजव्या हाताला ठेवायची, ओलांडायची नाही, चालत राहायचे. गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ला जो पीळ आहे तो मला या नियमातून आलेला वाटतो. नियमच कथा ओढून नेतो.

मग इंग्रजी अमलात ‘हवापालट’ आला. महाबळेश्वर, माथेरान, आमच्या बाजूला चिखलदरा. आम्ही मध्य प्रांतातले, त्यामुळे आमची उन्हाळी राजधानी पचमढी. आमच्याकडच्या जुन्या घरांत थंड हवेचे ठिकाण म्हटले की अजूनही आधी पचमढीच आठवते. राज्य बदलले, जिल्हा बदलला, पण सुटीच्या कल्पनेचा नकाशा जुन्या प्रांताचाच राहिला. हा धागा कोणीतरी नीट तपासण्याजोगा आहे.

स्वातंत्र्यानंतर निवडीचे काम सरकारी नियमांनीही केले. केंद्राच्या नोकरांना चार वर्षांच्या गटात एकदा भारतात कुठेही जायची सवलत. ईशान्य भारत, जम्मू-काश्मीर आणि अंदमानला विमानाची खास मुभा. राज्याच्या नोकरांना आणि शिक्षकांना ‘महाराष्ट्र दर्शन’. या शेवटच्या शब्दांशी माझे जुने भांडण आहे. गोंदियाच्या मास्तराने महाराष्ट्र दर्शन करायचे म्हणजे पश्चिमेकडे जायचे: शिर्डी, कोल्हापूर, गणपतीपुळे. रत्नागिरीचा मास्तर दर्शनाला गोंदियाकडे आल्याचे मी पाहिलेले नाही. आणि आमच्या पलीकडे, रेल्वेने सहज गाठता येणारे डोंगरगड, जिथे बमलेश्वरीला आमच्या घरातले निम्मे नवस फेडले जातात, ते छत्तीसगडात. म्हणून दर्शनात बसत नाही. २०१९ च्या स्वातंत्र्यदिनी पंतप्रधानांनी २०२२ पर्यंत देशातली किमान १५ ठिकाणे पाहा असे आवाहन केले. हेतू चांगलाच होता. पण १५ हा आकडा समोर आला की माणूस ठिकाणे मोजू लागतो. अलीकडच्या बऱ्याच प्रवासलेखांना मोजणीचा हाच वास येतो: हे ‘झाले’, ते ‘करायचे राहिले’.

यादीला मी सरसकट नावे ठेवतो आहे असे वाटेल. तसे नाही. १९८४ साली निघालेल्या केसरीसारख्या मराठी सहल कंपन्यांनी घर न सोडलेल्या माणसांना देश दाखवला, पुढे फक्त स्त्रियांच्या सहली निघाल्या, हे उपकार मोठे आहेत. माझ्या मावशीचेच सांगतो. नागपूरच्या पलीकडे ती कधी गेली नव्हती. मावसोबा रेल्वेत गँगमन. दरवर्षी पास मिळायचा, दरवर्षी ‘पुढच्या साली रामेश्वर’ ठरायचे. ते गेले. थकलेल्या पेन्शनचे पैसे एकदम हाती आले तेव्हा ती एका यात्रा कंपनीबरोबर दक्षिणेत जाऊन आली. तिने नेलेली शंभर पानी वही आज माझ्याकडे आहे. पहिल्या पानावर लिहिले आहे, “ह्यायच्या पासावर जायचं होतं. आता पैसे देऊन चालली.” कारण सांगून झाले. पुढे सगळा प्रवास तिने भातावरून मोजला आहे. आम्ही धान पिकवणारी माणसं. चिन्नोर, लुचई यांच्या वासावर वाढलेली ही बाई प्रत्येक गावचा भात हातात घेऊन बघते. एका ठिकाणी “भात जाडा हाये, पोटात बसते”, दुसऱ्या ठिकाणी “सांबार चांगला, पर भात आपला नोहे.” कन्याकुमारीला सगळे सूर्य बघत होते तेव्हा तिने लिहिले, “पानी खारट, मंग एवढे लोक काहून न्हातेत?” देवळांच्या शिल्पांबद्दल वहीत अवाक्षर नाही, ही तिची उणीव म्हणा. पण माझ्या संग्रहातल्या गुळगुळीत कागदावरच्या कितीतरी लेखांपेक्षा ही वही मला अधिक काही सांगते. यादी कंपनीची होती, तरी जाणारीचे कारण तिचे स्वतःचे होते.

आता माझ्या जिल्ह्याकडे येतो. मुंबई-हावडा मुख्य मार्गावर आम्ही आहोत, त्यामुळे अर्धा देश आमच्या फलाटावरून जातो. उतरणाऱ्यांतले बरेच जण गाडी करून कान्ह्याला, म्हणजे मध्य प्रदेशात निघून जातात. असे असूनही या एका कोपऱ्यावर मराठीत चांगली पुस्तके आहेत, आणि ती का चांगली आहेत हे पाहिले की माझा मुद्दा अधिक स्पष्ट होतो.

व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ १९७९ चे. नागझिरा तेव्हा भंडारा जिल्ह्यात. आमचा जिल्हा १९९९ साली वेगळा झाला. पुस्तक लहानसे. हा माणूस रानात जाऊन राहतो, पायी हिंडतो, पाहतो, रेखाटतो. एकच रान, आणि त्यात मुक्काम. पाहण्यासारखी स्थळे अशी यादीच त्यात नाही. मी हे पुस्तक तिशीत वाचले आणि मग शरमेने नागझिऱ्याला गेलो. तोवर आमच्या घरात कोणीही तिकडे गेलेले नव्हते. आम्हाला तो धान-मोहफुलांच्या गावांपलीकडचा नुसता अंधार होता. माझ्या जिल्ह्यातले रान मला सांगलीकडच्या लेखकाने दाखवले.

पण टीका करायची तर तीही करावी लागेल. ‘माणदेशी माणसं’ आणि ‘बनगरवाडी’ लिहिणारा लेखक इथे प्राण्यांकडे तोंड करून बसला आहे. पिटेझरी, चोरखमारा ही कडेची गावे, तिथले गोंड, मोहफुले वेचणाऱ्या बाया, हे त्याचे विषय झाले नाहीत. त्याला रान हवे होते आणि त्याने ते घेतले. वाचकाच्या डोक्यात मात्र नागझिरा हे बिनमाणसांचे ठिकाण म्हणून बसले.

मारुती चितमपल्लींचे उलटे आहे, आणि माझ्या दाव्याला खरा आधार त्यांचाच. त्यांनी नवेगावबांध निवडले नव्हते. ते वनाधिकारी म्हणून नोकरीने तिथे आले. ‘नवेगावबांधचे दिवस’ आणि इतर लेखनातून हा तलाव मराठीत आला, तो पाखरांसह आणि माणसांसहही. माधवराव पाटील डोंगरवारांसारखा स्थानिक जाणता त्यांना भेटला आणि त्यांनी त्याच्याकडून शिकून घेतले. तलाव कोहळी समाजाच्या कोलू पाटलाने बांधल्याची परंपरा, पाखरांची स्थानिक नावे, पाण्याची जाण हे सगळे पाहुण्याला दोन दिवसांत मिळत नाही. २०२५ मध्ये चितमपल्ली गेले तेव्हा इकडे अनेकांना घरचे माणूस गेल्यासारखे वाटले. किरण पुरंदरे यांनी तर नागझिऱ्यात चारशे दिवस राहून ‘सखा नागझिरा’ लिहिले, आणि पुढे ते पुणे सोडून पिटेझरीलाच राहायला आले.

तिघांत समान काय? एकाने रान धरून मुक्काम केला, दुसरा नोकरीने आला, तिसरा राहायलाच आला. तिघांनाही तिथे असण्याचे काम होते. पु. ल. देशपांड्यांनी पन्नाशीत शांतिनिकेतनात बंगाली शिकायला जाऊन ‘वंगचित्रे’ लिहिले, तेही याच जातीचे. निवड मोकळेपणी केलेली, पण हातात काम घेऊन गेलेले.

आणि या पुस्तकांनी काय घडवले? पाहुणे आले, हे खरे. २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. आता आत जायचे तर ठरलेल्या वेळी, गाडीतून, गाईड घेऊन. पावसाळ्यात फाटके बंद. हे योग्यच आहे, वाघासाठीही आणि माणसासाठीही. पण याचा अर्थ माडगूळकरांचे पुस्तक वाचून येणाऱ्याला माडगूळकरांसारखे हिंडता येणार नाही. परतणाऱ्या गाड्यांतून एकच प्रश्न ऐकू येतो: दिसला का? दिसला नाही तर पुढच्या वेळी ताडोबा. महाराष्ट्रातले सारस आता मुख्यतः आमच्याच धानाच्या बांध्यांत उरले आहेत. त्यांच्यासाठी वाट वाकडी करणारे थोडे.

एक मोठी उणीव सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. सालेकसा तालुक्यात दरेकसाजवळ कचारगडची गुहा आहे. पारी कुपार लिंगोने गुहेत कोंडलेल्या मुलांना इथून सोडवले, ही गोंडी श्रद्धा. माघ पौर्णिमेला महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून लोक येतात. १९८० च्या दशकात मोजक्या माणसांनी ही यात्रा पुन्हा उभी केली, त्यांत मोतीरावण कंगाली होते. त्यांचा मोठा ग्रंथ हिंदीत आहे. मी तीनदा गेलो. दरेकसा स्थानकावर उतरणारी गर्दी, पिवळे झेंडे, पाठीवर पोर आणि डोक्यावर तांदळाचे गाठोडे घेतलेल्या बाया. यांतल्या एकीला मी विचारले, एवढ्या लांबून इथेच का आलात? तिने माझ्याकडे असे पाहिले की प्रश्न विचारणारा मीच खुळा ठरलो. “आमचं हाये न बापा,” एवढेच म्हणाली. या यात्रेवर मराठीत एकही प्रवासवर्णन माझ्या वाचनात आलेले नाही. आमच्या भागात फिरायला येणारे लेखक इथवर पोचत नाहीत, आणि इथे येणारे लोक लेख लिहीत नाहीत.

लिहीत नाहीत, हे तरी खरे का, अशी शंका मावशीच्या वहीमुळे मला येऊ लागली आहे. रेल्वेच्या पासावर हिंडलेली कुटुंबे आमच्याकडे पुष्कळ आहेत. कोणी तिकिटे जपली असतील, कोणी खर्चाच्या नोंदी, कोणी पाठकोऱ्या कागदावर दोन ओळी. अशी वही कोणाच्या ट्रंकेत असेल, मग ती काशीची असो, कचारगडची की पचमढीची, तर या अंकाच्या पत्त्यावर मला कळवावे. मी स्वतः येऊन पाहीन, हाताने उतरवून घेईन. वही घराबाहेर नेणार नाही.