गृहशिक्षणासाठी गणिताच्या अभ्यासक्रमाची निवड : अडखळणाऱ्या बालकाच्या दृष्टीने एक चिकित्सा

प्रस्तावना

मुलाला शाळेत न पाठविता पालकांनी त्यास घरीच शिकविणे, म्हणजेच गृहशिक्षण, अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत कायदेशीर आहे. तेथील शासकीय अंदाजानुसार १९९९ मध्ये सुमारे साडेआठ लाख आणि २०१९ मध्ये सुमारे साडेचौदा लाख मुले अशा रीतीने शिकत होती. या व्यवस्थेत पाठ्यपुस्तक मंडळाची जबाबदारी पालकांवर येऊन पडते. मूल सहा-सात वर्षांचे असून गणितात मागे पडत असेल, तर 'सर्वांत चांगला अभ्यासक्रम कोणता?' हा प्रश्न पालकांस हमखास पडतो. हा प्रश्न मुळातच अपुरा आहे, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका असून तेथील चार प्रचलित अभ्यासक्रमांच्या आधारे ती मांडण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

अडचणीचे स्वरूप

अडखळणारी सर्व मुले एकाच ठिकाणी अडखळत नाहीत. एखाद्या मुलास ३८ मधील ३ म्हणजे तीन दशक, हे जाणवत नाही. त्याची अडचण अर्थाची आहे. दुसऱ्यास अर्थ कळतो, परंतु ८ + ५ करताना तो दरवेळी बोटांवर एकपासून मोजू लागतो. त्याची अडचण स्मरणाची व रीतीची आहे. तिसरे मूल 'थर्टीन' ऐकून ३१ लिहिते. येथे संख्येच्या नावानेच त्याची दिशाभूल केलेली असते. या तिघांना एकच पुस्तक देणे म्हणजे तीन आजारांवर एकच मात्रा देण्यासारखे होय.

चार अभ्यासक्रमांची चिकित्सा

हवाई दलातून निवृत्त झालेले अध्यापक जॉन सॅक्सन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमाचे सूत्र लहान पायऱ्या आणि अखंड उजळणी हे आहे. नॅन्सी लार्सन यांनी लिहिलेल्या प्राथमिक भागात पालकाने काय बोलावे, तेही लिहून दिलेले असते. स्मरण कच्चे असलेल्या मुलास या उजळणीचा लाभ होतो. मात्र ज्यास अर्थच उमगलेला नाही, त्याच्याबाबतीत न कळलेली कृतीच रोज पक्की होत जाण्याचा धोका संभवतो.

सिंगापूरमध्ये १९८० च्या दशकात शासकीय पातळीवर तयार झालेल्या 'प्रायमरी मॅथेमॅटिक्स'चा क्रम वस्तू, चित्र आणि मग चिन्ह असा आहे. ८ ला पाचातील दोन दिले की दहा होतात आणि तीन उरतात, ही विचाररीत मूल चित्रांतून शिकते. १९९५ च्या 'टिम्स' या आंतरराष्ट्रीय चाचणीत सिंगापूर अग्रस्थानी आल्यानंतर या पुस्तकांची कीर्ती अमेरिकेत पसरली. परंतु ही पुस्तके मुळात प्रशिक्षित शिक्षकासाठी लिहिली गेली आहेत. त्यांची पाने आटोपशीर असून सराव मोजका आहे. दोन पायऱ्यांमधील अंतर भरून काढणारा जाणता प्रौढ घरी नसेल, तर अडखळणारे मूल नेमके त्या अंतरातच अडकते.

स्टीव्ह डेमी यांचा 'मॅथ-यू-सी' एका वेळी एकाच क्रियेवर स्थिर राहतो. आल्फा या पातळीत एकअंकी बेरीज-वजाबाकी, बीटात बहुअंकी आणि गॅमात गुणाकार, अशी त्याची रचना आहे. रंगीत ठोकळ्यांमुळे संख्येचे परिमाण हाताला कळते. गोंधळलेल्या मुलास ही स्थिरता मानवते. तथापि हा क्रम शाळांच्या क्रमाशी जुळत नसल्याने मूल पुढे शाळेत जाणार असल्यास अडचण येऊ शकते.

जोन कॉटर यांच्या 'राइटस्टार्ट'मध्ये पाचापाचांच्या दोन रंगांत विभागलेल्या शंभर मण्यांचा ॲबॅकस आणि पत्त्यांचे खेळ आहेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे चिनी, जपानी भाषांप्रमाणे अकराला 'दहा-एक' आणि तेविसाला 'दोन-दहा तीन' असे आरंभी म्हणविले जाते. रूढ नावे नंतर येतात. नावाने दिशाभूल होणाऱ्या मुलासाठी चौघांत हाच अधिक उपयुक्त ठरतो. पण येथे पालकास रोज मुलासोबत बसावे लागते. तेवढी सवड नसलेल्या घरात ही सामग्री कपाटातच पडून राहते.

मराठीच्या संदर्भात

संख्यानामांचा हा प्रश्न आपणांस परका नाही. इंग्रजीत विशीच्या पुढे दशक आधी उच्चारले जाते. मराठीत 'पंचवीस' म्हणताना एकक आधी येते आणि लिहिताना दशक. 'एकोणऐंशी' हे नाव वजाबाकीने घडते, तर 'नव्याऐंशी' बेरजेने. अमेरिकेत घरी मराठी बोलणाऱ्या मुलास या दोन्ही व्यवस्था एकदम पेलाव्या लागतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक' अशी वाचनपद्धती आली, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. त्या वादात भाषेच्या अस्मितेची चर्चा पुष्कळ झाली. अडखळणाऱ्या मुलाची त्या मानाने कमी झाली. बाजारात आणि घरात 'पंचवीस'च ऐकू येणार, म्हणून रूढ नावे अटळच आहेत. परंतु अर्थ स्थिर होईपर्यंत पारदर्शक नावाचा आधार देणे म्हणजे भाषेचा अवमान नव्हे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, निवडीचा क्रम उलटा असावयास हवा. प्रथम मूल कोठे थांबते हे पाहावे, नंतर शिकविणाऱ्याची सवड व तयारी जोखावी आणि पुस्तक सर्वांत शेवटी ठरवावे. पातळी वयावरून न ठरविता प्रवेशचाचणीवरून ठरवावी. सात वर्षांच्या मुलास पहिलीचे पुस्तक देण्यात कमीपणा नाही. दर तिमाहीस पुस्तक बदलणे टाळावे, कारण प्रत्येक बदलात मुलास नवी परिभाषा शिकावी लागते. पुरेसा काळ योग्य रीतीने शिकवूनही लहान संख्यांची तुलनाच जमत नसेल, तर गणन-अक्षमतेच्या दृष्टीने तज्ज्ञांकडून तपासणी करून घेणे इष्ट.

अध्यापक विद्यालयांत पाठ्यपुस्तकाचे परीक्षण शिकविताना आशय, मांडणी, चित्रे हे निकष आपण सांगतो. त्यांत आणखी एका निकषाची भर पडावी : मूल चुकले असता ते कोठे चुकले, हे या पुस्तकावरून शिकविणाऱ्यास कळते काय? सातव्या वर्षी 'गणितात कच्चा' हा शिक्का बसला, तर तो पुढे पुसणे कठीण असते. तो टाळण्याचे काम प्रसिद्ध पुस्तकापेक्षा अचूक निरीक्षणाने अधिक साधते.