धोक्याचा तक्ता आणि कोळशाचे पोते

दिवाळी उलटून गेल्यावर लाखांदूरच्या एका शाळेत विज्ञान शिक्षकांच्या बैठकीला गेलो होतो. हा चुलबंद आणि वैनगंगेच्या खोऱ्यातला धानाचा तालुका. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाचे पुंजणे उभे होते. मध्येच अवकाळी पाऊस येऊन गेल्यामुळे काही शेतकरी पुंजणे मोडून धान पुन्हा उन्हात पसरत होते. त्या पुंजण्यांचा या लेखाशी संबंध आहे. तो पुढे येईल.

शाळेच्या प्रयोगशाळेत एक रंगीत तक्ता लावला होता, ‘धोकादायक पदार्थांचे नऊ वर्ग’. पहिल्या चौकटीत स्फोटके, मग वायू, ज्वालाग्राही द्रव, ज्वालाग्राही घनपदार्थ, ऑक्सिडीकारक, विषारी, किरणोत्सारी, क्षरणकारी आणि शेवटी ‘इतर’. खाली बारीक अक्षरांत लिहिले होते की हे वर्गीकरण सागरी मालवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांवर आधारित आहे. मुलांना नऊही वर्ग पाठ होते. एका मुलीने मात्र विचारले, “सर, यात कोळसा कुठं आहे?” तिच्या शिक्षकांनी सांगितले, की कोळसा यात येत नाही, कारण तो पेटवल्याशिवाय पेटत नाही. मीही मान डोलावली. परत आल्यावर मूळ नियम उघडून पाहिले तेव्हा कळले, की उत्तर चुकीचे होते. चुकीत माझाही वाटा होता आणि तक्त्याचाही. आणि थोडा खुद्द नियमांचाही.

मूळ नियम म्हणजे ‘आंतरराष्ट्रीय सागरी धोकादायक माल संहिता’. जहाजावरची माणसे तिला आयएमडीजी कोड म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या सागरी संघटनेने ती १९६५ साली स्वीकारली. १ जानेवारी २००४ पासून ती बंधनकारक झाली, आणि दर दोन वर्षांनी तिच्यात दुरुस्त्या होतात. आपल्या तक्त्याने या जाडजूड संहितेतून फक्त नऊ चौकटी उचलल्या आहेत. त्यामुळे मुलांचा समज असा होतो, की धोका हा पदार्थाच्या रंगासारखा किंवा वासासारखा त्याच्या अंगचा गुण आहे. ज्याच्यात आहे त्याच्यात आहे, बाकीचे सारे निर्धोक. संहिता असे म्हणत नाही. पदार्थ कोणत्या अवस्थेत आहे, किती आहे आणि त्याच्या शेजारी काय ठेवले आहे, हे ती विचारते. तिचा निम्मा शहाणपणा शेजाराविषयीच्या नियमांत आहे.

मुंबईच्या गोदीतला स्फोट शाळांमधून दरवर्षी १४ एप्रिलला, अग्निशमन दिनी, सांगितला जातो. ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर दारूगोळा होता, तो उडाला, शेकडो माणसे गेली. हे खरे आहे, पण ही अर्धीच गोष्ट झाली. जहाज फेब्रुवारी १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघाले तेव्हापासून त्यात सुमारे १,४०० टन स्फोटके होती, आणि जवळजवळ दोन महिने ती शांत पडून होती. कराचीला रिकाम्या झालेल्या जागेत कापसाच्या सुमारे ८,७०० गाठी भरल्या गेल्या. शिवाय तेलाची पिंपे, लाकूड आणि भंगार. युद्धाची घाई होती, जहाजात रिकामी जागा सोडणे कोणाला परवडत नव्हते. युद्धापूर्वी अशी जहाजे गोदीबाहेर उभी करून पडावांतून स्फोटके उतरवण्याची रीत होती, तिलाही मुरड घातली गेली. १४ एप्रिलला दुपारी व्हिक्टोरिया गोदीत दुसऱ्या क्रमांकाच्या खणातून धूर दिसला. त्या खणात कापूस आणि स्फोटके एकत्र होती. बंबांनी सुमारे ९०० टन पाणी आत सोडले, पण आगीचे मूळ सापडेना. विदर्भातल्या कोणत्याही जिनिंगवाल्याला यात नवल वाटणार नाही. घट्ट दाबलेल्या गाठीत आग आतल्या आत धुमसत राहते, आणि वरून ओतलेले पाणी गाभ्यापर्यंत पोचत नाही. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. शिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले.

ठिणगी कुठून आली हा वाद बाजूला ठेवू. आपल्या तक्त्यावर कापूस नाही आणि लाकूडही नाही. तक्ता प्रमाण मानणाऱ्याला त्या खणात धोक्याची एकच वस्तू दिसली असती, आणि तिला तर कोणी हातही लावलेला नव्हता.

संहितेत मात्र कापूस आहे. ओला कापूस आपोआप तापणाऱ्या पदार्थांत, म्हणजे ४.२ या उपवर्गात येतो. आणि कोणता वर्ग कोणत्या वर्गापासून किती दूर ठेवायचा, याचे एक कोष्टक आहे. त्यात अंतराच्या चार पायऱ्या आहेत. सर्वांत सौम्य पायरीला आडवे ३ मीटर अंतर पुरते. सर्वांत कडक पायरीला मध्ये एक अख्खा खण सोडावा लागतो आणि जहाजाच्या लांबीच्या दिशेने किमान २४ मीटर. हे कोष्टक मला फार आवडते. रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातले अभिक्रियांचे प्रकरण कोणीतरी जहाजाच्या नकाशावर पसरून ठेवावे, तसे ते आहे. तक्ता काढणाऱ्यांनी नऊ चित्रांऐवजी हे एक कोष्टक छापले असते तर अधिक बरे झाले असते.

आता संहितेकडे वळू, कारण तिलाही सगळे जमलेले नाही.

ओल्या धानाच्या पुंजण्यात हात घालून पाहिला तर आत ऊब लागते. सूक्ष्मजीवांच्या श्वसनाने उष्णता निर्माण होते आणि ढिगाच्या मध्यातून ती लवकर बाहेर पडत नाही. मूठभर तणस कधीच तापत नाही, पुंजणे तापते. उष्णता घनफळाच्या प्रमाणात निर्माण होते आणि पृष्ठभागातून सुटते, एवढे हे गणित आहे. १० सेंटिमीटर बाजूच्या घनात पृष्ठफळ आणि घनफळ यांचे गुणोत्तर दर मीटरला ६० येते, तर ३ मीटर बाजूच्या घनात फक्त २. म्हणजे उष्णता सुटायला तीसपट कमी वाव. शिवाय आतून बाहेर येण्याचा रस्ताही तीसपट लांब.

लाकडी कोळशाचेही असेच आहे, फक्त तिथे सूक्ष्मजीव नसतात. ताजा कोळसा सच्छिद्र असतो. हवेतला ऑक्सिजन त्याच्या छिद्रांमध्ये धरला जातो आणि त्यातून उष्णता निर्माण होते. मोठ्या ढिगात ती साठते आणि कोळसा काडी न लावता पेटतो. म्हणून संहितेत त्याला १३६१ क्रमांक आहे आणि उपवर्ग ४.२. पदार्थ आपोआप तापणारा आहे की नाही हे ठरवण्याची चाचणी या कोळशावरूनच बेतली आहे. कोळशाचा २७ घनमीटरांचा ढीग, म्हणजे ३ मीटरचा घन, ५० अंश सेल्सिअसला आपोआप पेटू शकतो, हे गृहीत. प्रयोगशाळेत इतका ढीग कसा ठेवणार? म्हणून १० सेंटिमीटरचा नमुना जाळीच्या डब्यात घालून १४० अंशांच्या भट्टीत २४ तास ठेवतात. आतले तापमान २०० अंशांपलीकडे गेले तर पदार्थ आपोआप तापणारा.

हे रूपांतर वर्गात करून पाहण्याजोगे आहे. बाजू ३० पट लहान झाली की उष्णता वाहून जाण्याची सोय ३० चा वर्ग, म्हणजे ९०० पट वाढते. दर १० अंशांना अभिक्रियेचा वेग दुप्पट होतो हा आपला नेहमीचा आडाखा लावला, तर ५० वरून १४० पर्यंत नऊ दुपटी, म्हणजे ५१२ पट. आडाखा ढोबळ असूनही दोन आकडे फार दूर नाहीत.

चाचणी हुशार आहे. तिच्यावर उभारलेली सवलत मात्र तशी नव्हती. कोळशाच्या नमुन्याने ही चाचणी पार केली, की तसे प्रमाणपत्र घेऊन तो साधा माल म्हणून पाठवण्याची मुभा संहिता अनेक वर्षे देत होती. म्हणजे एका मुठीच्या नमुन्यावरून अख्ख्या कंटेनरची सुटका! नमुना महिनाभर हवेत पडलेल्या कोळशाचा आणि माल परवाच्या भट्टीतला, असेही होऊ शकते. २० फुटी कंटेनरमध्ये सुमारे ३३ घनमीटर जागा असते आणि ४० फुटीत त्याच्या दुप्पट. चाचणीचे गृहीतक २७ चे. कंटेनर घनाकृती नसतो, अरुंद बाजूने उष्णता लवकर सुटते, त्यामुळे ही तुलना ताणू नये हे मान्य. पण डेकवर उन्हात उभ्या पत्र्याच्या कंटेनरमधले तापमान ५० अंश ओलांडू शकते, ते कसे विसरायचे? मालवाहू जहाज कंपन्यांनी अपघातांच्या नोंदीसाठी चालवलेल्या ‘सिन्स’ या संस्थेने २०१५ ते २०२२ या काळात कोळशाच्या किमान ६८ आगी मोजल्या आहेत. कित्येकदा मालाची नोंद धोकादायक म्हणून केलेलीच नव्हती.

माझा मुख्य आक्षेप इथे आहे. वेगळे ठेवण्याचे इतके सुंदर कोष्टक माल पाठवणाऱ्याने भरलेल्या एका कागदावर उभे आहे. त्या कागदावर ‘कोळसा’ लिहिलेच नाही, तर कोष्टक मुके होते. कंटेनर बंद असतो, जहाजावरचा कोणी तो उघडून पाहत नाही. १९४४ मध्ये कप्तानाला निदान माहीत होते की खणात काय काय आहे.

दुरुस्ती झाली, पण उशिरा. १ जानेवारी २०२६ पासून ही सवलत बंद झाली आहे. आता कोळसा भट्टीतून काढल्यावर १४ दिवस हवा लागू द्यायची किंवा तो निष्क्रिय वायूत थंड करायचा. भरताना तापमान ४० अंशांहून जास्त नको. वर ३० सेंटिमीटर मोकळी जागा हवी. थप्पी दीड मीटरच्या आत ठेवायची, नाहीतर १६ घनमीटरांपर्यंतचे गट करून त्यांच्यामध्ये किमान १५ सेंटिमीटरची फट सोडायची. २७ आणि १६ हे आकडे शेजारी ठेवून पाहिले की दुरुस्तीमागचा विचार दिसतो.

दुसरी एक उणीव मला अधिक अवघड वाटते, आणि तिला कागद सुधारून उत्तर मिळणार नाही. सारे नियम जहाज तरंगते आहे असे धरून चालतात. २५ मे २०२५ रोजी ‘एमएससी एल्सा ३’ हे जहाज कोचीजवळ बुडाले. त्यावरच्या ६४० कंटेनरांपैकी १३ धोकादायक मालाचे होते आणि त्यातल्या १२ मध्ये कॅल्शियम कार्बाइड. लाखांदूरच्या वेल्डिंगच्या दुकानात ज्याने कार्बाइडच्या खड्यावर पाणी पडलेले पाहिले आहे, त्याला वेगळे सांगायला नको: ॲसिटिलीन वायू सुटतो आणि मागे विरलेला चुना राहतो. पाण्यापासून जपायचा पदार्थ चहूकडे पाणीच पाणी असलेल्या वाटेने जातो. वेष्टन आणि जागा यांचे नियम त्याला लाटांपासून जपतात, समुद्रतळापासून नाही. पुढच्याच महिन्यात, ९ जूनला, कोलंबोहून आपल्या न्हावा शेवा बंदराकडे निघालेल्या ‘वान हाय ५०३’ जहाजाला केरळच्या किनाऱ्यापलीकडे आग लागली. त्यावर धोकादायक मालाचे दीडशेच्या आसपास कंटेनर होते.

शाळेला पत्र पाठवून त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर दुरुस्त केले आहे: कोळसा चौथ्या चौकटीत, उपवर्ग ४.२, क्रमांक १३६१. तक्त्यावर जागा नसेल तर चौकटीच्या कडेला पेन्सिलीने लिहावे. आणि धान कापणीच्या दिवसांत पाऊस पडून गेला, की मुलांनी लांब दांड्याचा थर्मामीटर घेऊन शेतावर जावे. पुंजण्याच्या कडेला, वीतभर आत आणि मध्यावर असे तीन ठिकाणचे तापमान रोज एकाच वेळी लिहून ठेवावे. आठवडाभराचे आकडे मला जरूर कळवा.