पैसा उत्तर विकत घेतो की प्रश्न?

मित्रहो, मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण प्राध्यापकाने आम्हाला दारात गाठले. म्हणाला, "सर, धर्माचे तत्त्वज्ञान आणि विज्ञान यांच्या एकत्रित संशोधनासाठी एक परदेशी प्रतिष्ठान पैसे देतंय. अर्ज करू का?" तेव्हा आम्ही हसून वेळ मारून नेली. ते बरोबर झाले नाही. आज नीट उत्तर देतो.

या क्षेत्रातले सर्वांत ठळक नाव म्हणजे जॉन टेम्पल्टन प्रतिष्ठान. गुंतवणुकीच्या धंद्यात भरपूर कमावलेल्या सर जॉन टेम्पल्टन यांनी ते १९८७ साली स्थापन केले. त्यांच्या नावाचा पुरस्कार त्याहून जुना. आपल्याला तो परका नाही. १९९० साली बाबा आमटे यांना आणि १९९७ साली पांडुरंगशास्त्री आठवले यांना तो मिळालेला आहे.

या पैशावर नेहमीचा आक्षेप कोणता? रिचर्ड डॉकिन्स यांच्यासारखे टीकाकार म्हणतात, धर्माविषयी चार बरे शब्द बोलणारा शास्त्रज्ञ शोधायचा आणि त्याला पैसे द्यायचे, असा हा प्रकार आहे. आपल्या भाषेत, ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. आम्हाला हा आक्षेप अर्धाच खरा वाटतो. का, ते बघा.

हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांसाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली तर त्यांना गुण येतो का, हे तपासणारा एक मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. प्रमुख हार्वर्डचे हर्बर्ट बेन्सन, आणि आर्थिक पाठबळ टेम्पल्टनचे. सहा रुग्णालये, १८०२ रुग्ण, तीन गट. निष्कर्ष २००६ साली छापून आले. आपल्यासाठी प्रार्थना होते की नाही हे ज्यांना ठाऊक नव्हते, त्यांच्यात प्रार्थना झालेल्या गटात ५२ टक्के रुग्णांना गुंतागुंत झाली, न झालेल्या गटात ५१ टक्के. म्हणजे फरक नाहीच. आणि प्रार्थना होतेय हे ज्यांना नक्की सांगितले होते, त्यांच्यात ५९ टक्के!

देणगीदाराला सुखावेल असा हा निकाल नव्हता. तरी तो जसाच्या तसा छापला गेला. पोळी खाल्ली, पण टाळी वाजली नाही.

मग सगळे आलबेल म्हणायचे का? तसेही नाही. गडबड उत्तरात नव्हती, प्रश्नातच होती. ज्या गटासाठी प्रार्थना 'नव्हती', त्यांच्या घरचे लोक देव पाण्यात घालून बसले असतील, त्यांना कोण थांबवणार? प्रार्थना म्हणजे काय औषधाची मात्रा आहे, या खाटेला दिली आणि त्या खाटेला नाही? शिवाय निकाल होकारार्थी आला असता, तरी त्यातून ईश्वर सिद्ध झाला असता की आणखी काही? आणि नकारार्थी आला, तर श्रद्धावान "देवाची परीक्षा घ्यायची नसते" असे म्हणून मोकळा. ज्या प्रयोगाच्या कोणत्याही निकालाने कुणाचेच मत हलणार नाही, त्यावर लाखो डॉलर खर्च झाले. ही अडचण धर्माच्या तत्त्वज्ञानाचा साधा विद्यार्थीही पहिल्या बैठकीत दाखवून देईल. पण तत्त्वज्ञाला बहुधा शेवटी बोलावतात, अहवालाला प्रस्तावना लिहायला.

म्हणून आमचे म्हणणे असे, की पैसा उत्तर क्वचितच विकत घेतो. तो प्रश्न विकत घेतो. कोणता प्रश्न 'मोठा' हे देणाऱ्याने ठरवले, की बाकीचे प्रश्न आपोआप छोटे होतात.

यावर उपाय आपल्याच परंपरेत आहे. आधी पूर्वपक्ष, मग उत्तरपक्ष. प्रतिपक्षाचे म्हणणे त्यालाही मान्य होईल असे मांडा, मग खोडा. गंमत म्हणजे टेम्पल्टन यांच्याच दुसऱ्या एका संस्थेच्या पैशातून याच्या जवळचे काम झाले आहे. जाणिवेच्या दोन प्रतिस्पर्धी सिद्धांतांच्या पुरस्कर्त्यांनी एकत्र बसून, काय दिसले तर कोणाची पंचाईत होईल, ते आधीच लिहून दिले. २५६ जणांवर प्रयोग झाले. २०२५ साली निकाल छापले गेले. दोन्ही सिद्धांतांना धक्के बसले. तो विषय धर्माचा नव्हता, पण पद्धत उचलण्यासारखी आहे.

तर त्या तरुण मित्राला आमचे उत्तर. आमच्या निवृत्तीनंतर आमची जागा बरीच वर्षे भरलीच गेली नाही. अशा दिवसांत तुम्हाला सोवळे नेसून बसा असे सांगण्याचा आम्हाला अधिकार नाही. पैसे घ्या. पण प्रश्न ठरवण्याच्या बैठकीला तुम्ही हजर असलात पाहिजे. आणि काय आढळले तर आपण आपले मत सोडू, हे एक वाक्य अर्जातच लिहा. ते लिहिता येत नसेल, तर अर्ज करू नका. ते वाक्य वाचून प्रतिष्ठानाने नकार दिला, तर पैसे कशासाठी होते ते तुम्हाला फुकटात कळेल.

इथे थांबतो. प्रश्न विचारा, आज वेळ मारून नेणार नाही.