पत्ते पिसून मरणाबद्दल बोलायचं?

डिझाइनच्या विद्यार्थ्यांच्या प्रदर्शनात हल्ली एक टेबल ठरलेलं असतं. त्यावर फिकट रंगांचे पत्ते, प्रत्येकावर मरणाविषयी एक प्रश्न. शेवटच्या दिवशी कोणतं गाणं ऐकाल? धडधाकट माणसं पत्ता उचलतात, हसतात, फोटो काढतात आणि चहाला जातात. कलाकार कँडी चँगने २०११मध्ये न्यू ऑर्लिन्समधल्या एका पडीक घराच्या भिंतीवर मरण्यापूर्वीच्या इच्छा लिहायला खडू ठेवले, तेव्हापासून ही साथ आहे. खडूने इच्छा लिहिणं म्हणजे मरणाविषयी बोलणं नव्हे. मरणावर गप्पा मारायला भरणाऱ्या 'डेथ कॅफे'तला केक मात्र चांगला असतो म्हणे.

मला भावतं ते काहीच न विचारणारं काम. ब्रिटिश म्युझियममधलं 'क्रेडल टू ग्रेव्ह' घ्या. सुझी फ्रीमन, डेव्हिड क्रिचली आणि डॉक्टर लिझ ली यांनी जाळीदार विणीच्या दोन लांबलचक पट्ट्यांत आयुष्यभराच्या गोळ्या गुंफल्या आहेत. एक पट्टी पुरुषाची, एक बाईची. दोन्हींत मिळून जवळपास २८ हजार गोळ्या. पुरुषाने आयुष्याच्या पहिल्या ६६ वर्षांत जेवढ्या घेतल्या, तेवढ्याच शेवटच्या दहा वर्षांत. चालत चालत शेवटच्या वर्षांच्या टोकाशी आलात की घरचा गोळ्यांचा डबा आठवतो. मग सोबतचं माणूस आपणहून बोलू लागतं, 'आईंचं गेल्या वर्षी असंच...'

दुसरं उदाहरण कर्करोग झालेल्या मॅगी केझ्विक जेन्क्सचं. हाती दोन-तीन महिने आहेत हे ऐकल्यावर इस्पितळात तिला बाहेर पॅसेजमध्ये बसवलं, कारण आत पुढचे पेशंट यायचे होते. उरलेल्या काळात तिने कर्करोगाच्या पेशंटांसाठी आखलेलं एडिंबरोतलं केंद्र १९९६मध्ये, ती गेल्यावर उघडलं. तिथे रिसेप्शनचं काउंटर नाही, मधोमध स्वयंपाकघराचं टेबल आहे. किटलीत पाणी उकळेपर्यंत गप्प बसता येतं. प्रश्नांच्या पत्त्यांत ही सोय नाही.

आणि आपल्याकडे? 'व्हेंटिलेटर' या मराठी चित्रपटाने (२०१६) ते नेमकं पकडलं होतं: इस्पितळात सगळं खानदान गोळा, बोलतात सगळे. घरोघरीही 'त्यांना काही सांगू नका हं' म्हणत पेशंटची फाइल जावई सांभाळतो. अशा घरात गाण्याची निवड विचारणारा पत्ता कुणाच्या कामाचा? तिथले प्रश्न वेगळेच आहेत. आयसीयूत न्यायचं का, बिल कोण भरणार, 'पुरे' कोण म्हणणार?

उपचार कुठवर करायचे ते आधीच लिहून ठेवणाऱ्या इच्छापत्राची ('लिव्हिंग विल') वाट सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये मोकळी केली. २०२३मध्ये त्यावरच्या मॅजिस्ट्रेटच्या सहीची अट काढली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. पण तो कागद बघा! वकिली भाषा, बारीक टाइप, आणि लिहायची जागा जिथे हवी नेमकी तिथेच नाही. इतके डिझाइनर मरणावर पत्ते छापतात, त्यातल्या किती जणांनी या कागदाला हात लावला? ही कारकुनी आहे, कला नव्हे, असं कुणी म्हणेल. पॅसेजमधल्या खुर्च्या हाही कारकुनीचाच विषय होता. जेन्क्सबाईंनी तिथूनच सुरुवात केली. सोलापूरच्या एखाद्या आजींना मुलाची मदत न घेता वाचता आणि भरता येईल असा मराठी फॉर्म काढा, मग त्याचं प्रदर्शन भरवा. मी येईन.